उघड्या तोंडाची सून

मी दहाव्या महिन्यात "माय" म्हणाले. वर्षाची होईतो मांजर, भाकर, चांदोबा, सगळ्यांना नावानं हाका मारत होते. याची आमच्या घरात कुणालाही आठवण नाही. विचारलं तर आई म्हणते, "तू ते बोलत बोलतच जन्माले उनी." आणि माझ्या थोरल्या भावानं, नथ्थूनं, पहिल्यांदा ओठाला ओठ लावला तो दिवस, ती वेळ, त्या दिवशी भाजी कसली होती, हे धानोऱ्यातल्या बाया अजून घोळवून घोळवून सांगतात. मला याचा राग येतो. लहानपणी जास्त यायचा. पण गोष्ट सांगायची तर मलाच सांगावी लागणार, कारण नथ्थूला त्यातलं काही आठवत नाही आणि आई सांगायला बसली की अर्ध्यावर उठून चुलीकडे जाते.

आई म्हणजे धनुबाई. माहेर खांडबाऱ्याचं. स्टेशन, बाजार, येणारी-जाणारी माणसं, यांत वाढलेली. तिचे वडील बाजारात दोर विकायचे आणि ही चिमुरडी शेजारी उभी राहून गिऱ्हाइकांना हाका घालायची. सुरतेची गाडी शिट्टी देत असली तरी हिची हाक वर ऐकू जायची म्हणे. एका जागी बूड टेकायची तिला सवयच नव्हती. अशा पोरीचं लग्न झालं धानोऱ्यात, माझ्या बापाशी, छगनशी. बाप स्वभावानं चांगला, पण बोलायच्या बाबतीत पक्का कंजूष. विचारलं तर हुं, नाही विचारलं तर तेही नाही.

आमचं घर म्हणजे एकच लांब खोली, एका टोकाला चूल, पुढे ओटा. ओट्यावरून चूल सरळ दिसायची आणि ओट्यावर माझा आजा बसलेला असायचा, चुडामण. सासऱ्यासमोर सुनेनं हनुवटीपर्यंत पदर ओढायचा आणि त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही, ही तिकडची रीत. आजा वाईट नव्हता. तो फक्त दिवसभर ओट्यावर असायचा. त्यामुळे आईचा पदरही दिवसभर हनुवटीवर. जेवण तयार झालं की ती ताटावर वाटी वाजवायची, आजा खोकायचा आणि हात धुवायला उठायचा. सासऱ्या-सुनेचं संभाषण ते एवढंच. खांडबाऱ्याच्या बाजारात गाडीवर आवाज चढवणारी पोर वाटी वाजवत बसली, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग नथ्थू झाला. आधीची दोन मुलं गेली होती म्हणून याचं नाक टोचून नथ घातली आणि नाव नथ्थू ठेवलं. तो चालायला लागला तशी आईला वाटीची गरज उरली नाही. सासऱ्याला काही सांगायचं तर घराघरांत सुना लेकरांच्या तोंडून सांगतात. तिनंही सुरू केलं. "नथ्थू, आजाले सांग, जेवाले चाला." "नथ्थू, आजाले सांग, बैलले पानी पाजनं शे." नथ्थू दुडुदुडु ओट्यावर जायचा, सांगायचा, आणि आजा उठायचा. सगळं सुरळीत चाललं होतं.

फक्त नथ्थूला एक शब्दही बोलता येत नव्हता.

हे ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही, पण तसंच होतं. पोरगा तीन वर्षांचा होत आला आणि त्याच्या तोंडातून निघायचा तो नुसता सूर. पण सूर कसा! प्रश्न विचारताना शेवट वर उचललेला. रुसला की खाली घसरलेला. माझी आजी, भिकुबाई, भांडताना जशी आधी हळू, मग एकदम उंच आणि शेवटी दम लागल्यासारखी बोलायची, तसंच्या तसं हे पोरगं बोलायचं, मधले शब्द कुणी वेचून काढून घेतल्यासारखं. गळ्यातून "ग" यायचा, "उं" यायचं, "अ" यायचा. ओठांतून काहीच नाही. शेळीचं करडूसुद्धा "बे" म्हणतं, आमच्या नथ्थूला तेवढंही येईना. आजूबाजूची त्याच्याहून लहान पोरं "बा बा", "मम" करत अंगण डोक्यावर घेत होती.

आजीनं हाताशी होते ते सगळे उपाय केले. वेखंड मधात उगाळून जिभेवर लावलं. देवळातल्या घंटेत पाणी ओतून ते पाजलं. पोपटानं चोचवलेला पेरू शोधायला बापाला दोन गावं हिंडवलं. पेरू नथ्थूनं आवडीनं खाल्ला आणि आणखी हवा म्हणून सूर लावला. शेवटी संक्रांतीला आजीनं तीळगुळाचं ताट खाली ठेवता ठेवताच निकाल दिला.

"आखाजी लगून वाट देखू. नही बोलना ते जिभनी तार कापी टाकू."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, साडेतीन महिन्यांवर आलेली. जिभेखाली एक पातळ शीर असते. ती आखूड असली की जीभ बांधलेली राहते, असं लोक म्हणत. ती कापणारा एक न्हावी गावोगाव हिंडायचा. आईचा जीव उडाला, कारण वस्तीतल्या दगूबाईच्या मुलीची शीर याच न्हाव्यानं आदल्या वर्षी कापली होती. पोरीची जीभ सुजली, ताप चढला, पाणी गिळता येईना. दगूबाई तिला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत राहिली, आणि एके दिवशी बोळा तसाच ओला राहिला. तरी सगळे म्हणाले, पोरीचं आयुष्यच तेवढं होतं.

"तो बोलस," आई सासूला म्हणाली. "तुम्हले समजत नही."

"तुले समजस, मन्हा देवले समजस," आजी म्हणाली. "लोकेसले कधी समजी?"

तेव्हापासून आईच्या पायाला भिंगरी लागली. भाकरी थापता थापता उठायची, पोराचं तोंड उघडून जिभेखाली बोट फिरवायची, परत बसायची. विहिरीवर गेली की घागर अर्धी भरून परत यायची, कारण तेवढ्यात तो काहीतरी बोलला असेल आणि आपण नसू, असं तिला वाटायचं. कुणाचंही मूल बोलताना दिसलं की ती थांबून त्याच्या तोंडाकडे टक लावायची. बायांनी आपापली मुलं झाकून घ्यायला सुरुवात केली, नजर लागेल म्हणून. रात्री झोपेत ती प, ब, म असं काहीतरी पुटपुटते, असं माझ्या बापानं एकदा सांगितलं. त्याच्याकडून तेवढं वाक्य म्हणजे पुष्कळच.

दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे मिरचीचे दिवस. शेतातली लाल मिरची मोकळ्या जागेवर पसरून वाळवायची, त्या जागेला पथारी म्हणतात. बाया रांगेनं बसून मिरची उलथतात, डागी वेगळी काढतात, देठ खुडतात. मिरचीची खाट, म्हणजे नाकात शिरणारा तिखट वास, अशी की नव्या माणसाला दारातूनच ठसका लागावा. म्हणून प्रत्येक बाई नाकातोंडाला फडकं घट्ट बांधून बसते आणि त्या फडक्यातून दिवसभर बोलते. भांडणं, थट्टा, गाणी, सगळं फडक्यातून. नथ्थू जन्मल्यापासून त्याचे सगळे हिवाळे त्या पथारीच्या कडेला, लिंबाखाली गेले होते.

तो फाल्गुनातला दिवस होता, मिरची संपत आलेली. वारा सुटला होता आणि आईच्या फडक्यात धूळ गेली. तिनं फडकं खाली ओढलं, थुंकली, चूळ भरली आणि दम खात बसली. तेवढ्यात नथ्थू आला. त्याच्या पायात काटा गेला होता. तो पाय वर धरून तिच्यासमोर उभा राहिला आणि तिच्या उघड्या तोंडाकडे बघत थांबला. मग त्यानं हात पुढे केला, तिच्या गळ्यातलं फडकं धरलं आणि वर ओढून तिच्या तोंडावर नीट बसवलं. मग स्वतःच्या कुडत्याचा काठ उचलून नाकापर्यंत नेला आणि काट्याची सगळी कहाणी सुरात सांगितली.

"दखा, दखा, बाई बनी गया!" बाया हसल्या. कुडतं तोंडावर घेऊन बोलायची त्याची सवय त्यांना माहीत होती. त्या कित्येक महिने हसत होत्या. आईही हसायची.

त्या दिवशी ती हसली नाही. तिच्या हातातली मिरची चुरगळली आणि तेच बोट डोळ्याला लागलं, तरी तिला कळलं नाही. पोराला वाटत होतं की बोलायचं म्हणजे आधी तोंड झाकायचं. माय बोलत नाही, कारण तिचं तोंड उघडं आहे. झाकून दिलं की बोलेल.

आणि त्याला तसं का वाटू नये? आई पथारीवर फडक्यात आणि घरात पदरात. आजीच्या खालच्या ओठात कायम तंबाखू, ती ओठ न हलवताच सगळ्या गावाचा उद्धार करायची, आणि आजा जवळ असला की तिचाही पदर तोंडावर. आजाच्या मिशा ओठांवर छपरासारख्या उतरलेल्या. बापाचे ओठ दिसायचे, पण ते हलायचे कधी? अंगणातली पोरं त्याला दिसायची ती पाठमोरी, पळताना. पोराला कानानं सूर मिळाला, तो त्यानं सोळा आणे उचलला. तोंडात काय होतं ते त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात; इथं मायलासुद्धा तीन वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी आईनं पथारीवर फडकं बांधलंच नाही. नथ्थूला समोर बसवलं, देठ खुडता खुडता तोंड मोठं करून त्याच्याशी बोलत राहिली. "मा. मा-य. पा-नी. बा-जरी." तिला ठसका लागला की सगळी रांग थांबायची. डोळ्यांतून, नाकातून धार. ओठ फुटले, कडांना चिरा गेल्या, आवाज घोगरा झाला. बाया म्हणाल्या, डोकं फिरलं हिचं. दगूबाईनं मात्र आपली बसायची जागा बदलली आणि वारा अंगावर घेत आईच्या वाऱ्याकडच्या बाजूला बसली, म्हणजे धूळ आधी तिला लागेल.

नथ्थू बघायचा. आधी घाबरून, मग टक लावून. एके दुपारी त्यानं ओठ मिटले आणि उघडले. आवाज नाही, नुसतेच ओठ. आई आनंदानं ओरडली तर तो दचकला आणि कुडतं तोंडावर घेऊन बसला. त्या दिवशी पुन्हा काही नाही. आईनं स्वतःच्या गालात मारून घेतली.

आणि होळी झाली, मिरची पोत्यांत गेली, पथारी रिकामी झाली. आता दिवसभर घर, म्हणजे दिवसभर ओटा, दिवसभर पदर. आई पोराला घेऊन गोठ्यात जायची, तर आजी मागे. शेतात न्यायची, तर गडी माणसं. गोवऱ्यांच्या आड बसून दोन शब्द दाखवावेत, तर कुणीतरी हाक मारायचं. चैत्र असाच सटकला. आखाजीला माहेरी न्यायला तिचा भाऊ मुराळी म्हणून खांडबाऱ्याहून आला. सगळ्या सासुरवाशिणी ज्या सणाची वर्षभर वाट बघतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, त्या सणाला तिनं भावाला दारातून परत पाठवलं. आजी पोराला सोबत धाडणार नव्हती, आणि आपण माहेरी गेलो की इकडे शीर कापली जाईल, हे तिला ठाऊक होतं. तो रागावून गेला. ती त्याच्या पाठीकडे बघत दारात उभी राहिली आणि मग आत येऊन विनाकारण सगळी भांडी परत घासायला काढली.

आखाजीच्या सकाळी न्हावी आला. ओट्यावर बसला, पिशवी उघडली, तळहातावर वस्तरा फिरवायला लागला. आजीनं हळद आणि कापूस आणून ठेवला. चुलीवर खापरावरचे मांडे होत होते, आंब्याचा रस काढून ठेवला होता, घरभर सणाचा वास होता. आई चुलीपाशी पोराला पोटाशी धरून बसली होती.

"पोऱ्याले बाहेर धाड व," आजी ओरडली.

आईनं पोराला आणखी आवळलं.

"धनु! सकायपासून मानूस बठेल शे."

आजाही ओट्यावरून खोकला, म्हणजे पाठव. आता सासऱ्याला उलट बोलायचं तर तोंड नाही, आणि न बोलावं तर पोर जातं. आईनं नथ्थूला उभं केलं. त्याचे खांदे धरले. पदर हनुवटीवर होता, त्याच्याआडूनच ती बोलली, पण ओट्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायचा धीर तिला झाला नाही. ती पोराच्या कानात बोलली.

"नथ्थू, आजाले सांग. माय नही म्हणस."

नथ्थू ओट्यावर गेला. न्हाव्याकडे बघून बिचकला. मग आजासमोर उभा राहिला, कुडत्याचा काठ नाकापर्यंत घेतला आणि निरोप दिला. शब्द एकही नाही. पण आईच्या पोटातली सगळी भीती त्या सुरात होती, आणि 'नही'पाशी आईचा आवाज जसा घट्ट झाला होता तसा त्याचा सूरही घट्ट झाला.

आजानं न्हाव्याकडे वळून म्हटलं, "ऱ्हाऊ दे भाऊ. पोऱ्यानी माय नही म्हणस."

न्हाव्याचा वस्तरा तळहातावर थांबला. आजी म्हणाली, "कोन्ही सांगं तुम्हले?"

"हाऊ सांगी ऱ्हायना ना," आजा म्हणाला. "आते सांगं."

"तो कोठे काय बोलना?"

आजानं नथ्थूकडे बघितलं. दोन वर्षं हे पोरगं त्याला जेवायला उठवत होतं, बैल पाण्यावर न्यायला सांगत होतं, पाहुणे आले म्हणून गोठ्यातून बोलावून आणत होतं, आणि हा उठत होता, नेत होता, येत होता. घरात सगळे पोर मुकं मुकं म्हणत होते, यानंही मान डोलावली होती, आणि तोच पोराचं रोज ऐकत होता.

"बोलना," आजा म्हणाला. "मी आयकं."

"बाबा, हाई ते नुसतं हूं हूं शे," न्हावी म्हणाला.

"मंग मी काय येडा शे, हूं हूं आयकीसन बैल पाजाले?" आजाचा आवाज चढला. "वस्तरा आत ठेव. मांडा खाय, रस खाय, आन घर जाय."

न्हावी कुरकुरत जेवला. चांगले तीन मांडे खाल्ले, असं आजी पुढे कित्येक वर्षं सांगायची. तो गेल्यावर आजा उंबऱ्याशी येऊन बसला. सुनेशी बोलायचं म्हणजे पोराच्या तोंडून. "नथ्थू, तुन्ही मायले इचार, तुन्हा शब्द कोठे अडकी ऱ्हायनात?"

नथ्थू आईकडे आला. आई सांगायला लागली, पण ते त्याला नेता येईल एवढं लहान नव्हतं. तो मध्येच उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागला. आणि मग माझी आई, जिनं लग्न झाल्यापासून सासऱ्याशी शब्द काढला नव्हता, पदराआडून सरळ बोलली.

"मामंजी, त्यानी कोन्हं बोलतं तोंडच देखेल नही. पथारीवर फडकं, घरमा पदर. व्हट कसा हालतस, त्याले काय माहीत?"

आजी "अगं बया" म्हणून तोंडावर हात घेऊन बसली. सासऱ्याला तोंड वर करून उत्तर! आईला वाटलं, आता आपल्याला खांडबाऱ्याच्या गाडीत बसवतील. मग आजा उठला. त्यानं स्वतःचा जेवायचा पाट उचलला, चुलीकडे पाठ येईल असा भिंतीसमोर मांडला आणि भिंतीकडे तोंड करून त्यावर बसला.

"आते पदर काढ," तो म्हणाला. "शिकाड त्याले. मी भीतकडे देखस."

आईचा हात पदराकडे गेला आणि तिथंच राहिला. एवढं भांडली, पण आता हात वर जाईना. नथ्थूनंच पदर मागे सारला.

त्या दिवसापासून आजा घरात असला की भिंतीकडे तोंड करून. ओट्यावर बसायचा तोही रस्त्याकडे वळून. लोकांनी विचारलं, काय चुडामण, घरात भांडण का? तो म्हणायचा, मान आखडली. रीत मोडली नाही आणि पोराची वाटही अडवली नाही. मला आजा आठवतो तो पाठमोरा. त्याच्या मानेवरची सुरकुती मी डोळे मिटून काढून दाखवीन. आणि हो, मी दहाव्या महिन्यात बोलले, ते ज्या घरात बोलले ते घर असं झालं होतं. हे मला फार उशिरा उमगलं.

नथ्थू काही चमत्कार झाल्यासारखा बोलला नाही. वैशाख गेला, ज्येष्ठ लागला. आई भाकरी थापताना, निवडताना, झाडताना तोंड दाखवत राहिली, चिडली, रडली, आशा सोडून परत धरत राहिली. एका संध्याकाळी ती वांग्याची भाजी वाढत होती. आजा भिंतीकडे तोंड करून जेवत होता. नथ्थू चुलीच्या उजेडात तिच्या समोर बसला होता. त्यानं कुडत्याला हात लावला नाही. ओठ मिटले, थोडे जास्तच घट्ट, आणि उघडले.

"मा," तो म्हणाला. आणि मग, "माय."

आजी ओरडली, "दखा वं, पोऱ्या बोलना! दखा!" बाप गोठ्यातून धावत आला. आईचं उघडं तोंड नुसतं हलत राहिलं, गालांवरून पाणी.

आजा वळला नाही. त्याचा घास हातातच राहिला होता. भिंतीकडे बघतच त्यानं विचारलं,

"व्हट हालनात का त्याना?"

"हां, मामंजी," आई म्हणाली. "हालनात."